बाळगणे

अधिवेशनाच्या दिवसांत छापखान्यात रात्रपाळी असते.
सिव्हिल लाइन्सच्या झाडांखाली पोलिसांचे तंबू,
आत आमचा एकच हीटर, तोही मशीनच्या बाजूला,
माणसांच्या नाही.
साडेअकराला विधेयक आलं. शस्त्रांचं.
सकाळी आठला सभागृहाच्या पटलावर हवं.

पहिल्याच पानावर शस्त्रचं शास्त्र झालेलं.
मी काना उडवला.
माझं काम एवढंच, अर्थ माझ्याकडे नाही.

कलम दोन, व्याख्या:
'बाळगणे म्हणजे जवळ, घरात, वाहनात
किंवा अन्य प्रकारे ताब्यात ठेवणे.'
लाल पेन थांबलं.
आपल्यात बंदूक बाळगतात
आणि भीतीही. राग बाळगतात. लाज, बहुतेक वेळा.
लेकरू सांभाळतात म्हणा,
पण शब्दाच्या सुरुवातीलाच ते बसलेलं आहे.
परवाना तेवढा एकाच गोष्टीला लागतो.

दौलत निखारे, माझे बाबा.
इतवारीत सराफाच्या दारावर सव्वीस वर्षं
बारा बोअरची दुनळी घेऊन. स्वतःची, कर्ज काढून घेतलेली.
नोकरी खरं तर बंदुकीला होती,
बाबा तिच्यासोबत जायचे.
निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा,
आणि बाबा काठी घेऊन अर्ध्या पगारावर.
घर गोळीबार चौकात; शाळेत पत्ता सांगितला
की पोरी हसायच्या.
एकच खोली. जिथे माग होता आधी,
तिथल्या खुंटीला ती.

कलम सात: 'शस्त्र व दारूगोळा
स्वतंत्र, कुलूपबंद पेट्यांत,
बालकांच्या हाती लागणार नाही अशा रीतीने.'
तीनदा वाचलं.
शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती.

खुशाल तेव्हा नऊ वर्षांचा.
मी तांदूळ निवडत होते.
त्यानं स्टुलावर चढून काढली, माझ्याकडे धरली,
आणि तोंडानंच आवाज केला,
ठो.
बाबा मोरीतून ओल्या अंगानं आले.
ओरडले नाहीत. डब्यातली काडतुसं मोजली,
पाच.
परत मोजली.
मग मांडीवर दुनळी मोडली.
सहावं डाव्या नळीत होतं.

आईला आम्ही सांगितलं नाही, ती गेली तोवर.
खुशाल भंडाऱ्याला वायरमन आहे,
पोरांना हसत सांगतो, आत्याला मी एकदा मारलं होतं.
त्याला वाटतं ती रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सभागृहात हरकतीचा मुद्दा:
विषय केंद्राचा, राज्याला अधिकारच काय?
एक जण रानडुकरांवर बोलला,
एक जण वरातीतल्या गोळीबारावर,
एक जण काढून घेतलेल्या अंगरक्षकावर, बराच वेळ.
विधेयक संयुक्त समितीकडे गेलं.
शुक्रवारी तंबू उठले, मोर्च्यांचे बांबू ट्रकात चढले.
चारशे प्रती आमच्याकडे उरल्या.
त्यांना रद्दी म्हणायचं नसतं,
प्रलंबित म्हणतात.

बाबा शेगडीशी बसले होते, कानटोपी घालून.
"का म्हनते वो तुहा कायदा?"
"समितीकडे गेला."
"म्हंजे झाला नाही."
"नाही."
"मंग?"
मंगचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

सोमवारी त्यांनी कोरा कागद मागितला,
"सरकारी नोको, दुकानातला आन."
मा. जिल्हाधिकारी यांस,
शास्त्र कायमचे जमा करण्याबाबत.
काना मी तसाच राहू दिला.
"कारन का लिहू?"
मी बोलले नाही. ते खुंटीकडे पाहत राहिले,
मग माझ्याकडे, अगदी थोडं.

सावकाश लिहिलं: वय.
कुणाचं, ते अर्जात विचारलेलं नव्हतं.